शेजारच्या काकांचा समुद्र

आमच्या शेजारचे काका मोंबासाच्या रेल्वेतली नोकरी संपवून मलकापूरला परतले, ते तिथला समुद्र बरोबर घेऊनच. झुळूक आली की म्हणत, "ह्याले काय वारा म्हणता, मास्तर? वारा पाहावा तो तिथचा!" मलकापुरात बघण्यासारखं काहीच नाही, हे ते मला रोज नव्याने पटवून देत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची जुनी गावं त्यांनी दर रविवारी पालथी घातली होती. पोर्तुगिजांचा किल्ला, तटावरच्या तोफा, खाली फुटणाऱ्या लाटा. जिल्ह्याबाहेर फारसा न पडलेला मी मनातल्या मनात जळत असे.

त्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर कुरड्या वाळत होत्या. काका किल्ल्याचं वर्णन करत होते आणि बोलता बोलता, खाली न बघता, एकेक कुरडई उलटत होते. एकही मोडली नाही.

"काका, हे कुठं शिकले तुम्ही?" माझ्या बायकोने विचारलं.

काकांनी पहिल्यांदाच खाली कुरड्यांकडे बघितलं. उत्तर काकूंनी दिलं. "तिथंच! आमच्या खोलीले गच्ची नव्हती. मंग दर रविवारी किल्ल्यावर. कधी पापड, कधी कुरड्या. मी तोफेवर धोतर हातरून वाळत घालो, अन् हे समुद्राकडे पाठ करून दिवसभर कावळे हाकलत."

"अन् लाटा?" मी विचारलं.

काकांनी पुढची कुरडई उलटली.

"आयकू येत होत्या ना, मास्तर."