पांढऱ्या फितीची फाईल

चौकशी विभागाच्या प्रमुख बाई दुपारी अडीच ते तीन या वेळात कुठे असतात, हे त्यांच्या कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे दिसायला खुर्चीतच असायच्या. चष्मा नाकावर, समोर फाईल उघडी, हातात टोपण काढलेलं पेन. पण आत बाई नसायच्या. शिपाई चहा ठेवून जायचा, त्यावर साय धरायची, आणि तीनच्या सुमाराला बाई कुठूनशा परत येऊन तो गार चहा दोन घोटांत संपवायच्या. घरी त्यांची थोरली बहीण त्यांना लहानपणापासून 'तंद्री' म्हणायची. छप्पन्न वर्षांच्या बाईला, जिच्या एका सहीने राज्यातल्या कुठल्याही शिक्षकाचा परवाना जाऊ शकतो तिला, अशी हाक मारणं शोभत नाही. पण ताईला हे सांगणार कोण?

कचेरी तिसऱ्या मजल्यावर. राज्यभरातल्या शाळांमधून शिक्षकांच्या वर्तनाबद्दलच्या तक्रारी इथे यायच्या. कुणी मुलांना मारलं, कुणी पेपर फोडला, कुणी नको तशा चिठ्ठ्या लिहिल्या. जबाब घ्यायचे, सुनावणी घ्यायची, आणि शेवटी ताकीद, निलंबन किंवा परवाना रद्द. निकाल लागला की फाईल बांधायची. दोषी असेल तर लाल फीत, निर्दोष असेल तर हिरवी. आणि एक पांढरी फीत होती. चौकशी चालू असताना शिक्षकाने आपणहून राजीनामा दिला, की प्रकरण तिथेच मिटायचं आणि फाईलला पांढरी फीत लागायची. लाल-हिरव्या फाइली मोठ्या नोंदवहीत चढायच्या. पांढऱ्या चढायच्या नाहीत. माणूसच नोकरीत नाही, तर नोंद कसली करायची, असा साधा सरळ हिशेब. कुणी घातला होता हा पायंडा, ते कुणालाच आठवत नव्हतं, आणि म्हणूनच तो कुणी मोडतही नव्हतं.

ही नोंदवही सांभाळायचे हेडक्लार्क. त्यांना सगळे 'रजिस्टरकाका' म्हणायचे. काकांच्या मते जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या, नोंद असलेल्या आणि नसलेल्या. बाहेर पाऊस पडतोय म्हटलं, तरी ते आधी चष्मा लावून खिडकीकडे बघत आणि मग मान्य करत.

बाईंच्या दोन खोडी सगळ्यांना पाठ होत्या. एक म्हणजे त्यांना माणसांची नावं कधी लक्षात राहायची नाहीत, वाक्यं मात्र राहायची. दहा वर्षांपूर्वीच्या जबाबातलं वाक्य त्या अधल्यामधल्या शब्दांसकट सांगायच्या, पण ते कोण म्हणालं विचारलं की छताकडे बघायच्या. दुसरी खोड अशी, की अंतिम आदेशावर सही करण्याआधी त्या त्या शाळेत जायच्या आणि ज्या जागी मुलाला सोसावं लागलं त्या जागी थोडा वेळ जाऊन बसायच्या. शेवटच्या बाकावर, जिन्याखाली, कुठेही. एवढ्या मोठ्या हुद्द्याची बाई गुडघे पोटाशी घेऊन पहिलीच्या बाकात कोंबून बसलीय, हे दृश्य बघून मुख्याध्यापकांची भंबेरी उडायची. कचेरीतले तरुण हसायचे. बाईंना त्याचं काहीच वाटत नसे, कारण त्यांना ते बहुधा ऐकूच जात नसे.

तर अशा या बाईंपुढे एका दुपारी एक फाईल आली. भूगोलाचे सर, साठीला टेकलेले. तक्रार एका वडिलांची. मुलाने गृहपाठ केला नाही म्हणून सरांनी त्याला नकाशांच्या खोलीत कोंडलं. खोलीला खिडकी नाही, दिव्याचं बटण बाहेर. दार लावताना सर म्हणाले, 'नकाशात स्वतःला शोध. सापडलास की हाक मार.' मुलगा चार तास आत होता. हाक मारून मारून त्याचा आवाज बसला, तो अजून नीट आलेला नाही.

सरांचा खुलासा सोबत होता. सुवाच्य अक्षर, शांत भाषा. अठरा वर्षं या शाळेत, एकही तक्रार नाही. ही शिक्षा नसून शिकवण्याची पद्धत आहे. शाळेच्या संस्थेनेही पत्र जोडलं होतं, की प्रकरण फार ताणू नये, हवं तर सरांचा राजीनामा घेऊन टाकू. नोंदवहीत सरांच्या नावावर काहीच नव्हतं. पहिली चूक, म्हणजे नियमाने फक्त ताकीद. सोमवारपासून सर पुन्हा वर्गात.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि तिथेच थांबल्या. नकाशात स्वतःला शोध. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. गर्दीत ओळखीचा चेहरा दिसावा आणि नाव आठवू नये, तसं ते त्यांच्या मागे लागलं. चहावर साय धरली, तीन वाजले, साडेतीन वाजले. बाई परत आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत गेल्या. मुख्याध्यापिका पुढे, बाई मागे. लांब व्हरांडा, दोन्हीकडे वर्ग, कुठल्यातरी वर्गातून पाढ्यांचा एकसुरी आवाज. टोकाला ती खोली. बाई आत गेल्या आणि म्हणाल्या, "दार लावा. मी हाक मारेपर्यंत उघडू नका."

"अहो, पण आत फार धूळ आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"मुलाला पण होतीच की."

दार लागलं. अंधार असा, की डोळे उघडे आहेत की मिटलेले हे कळेना. जुन्या कापडाचा, खळीचा वास. भिंतीशी गुंडाळलेले नकाशे उभे होते, आणि एक उलगडलेला भिंतीवर असावा, कारण हात लावला तर कापड हललं. बाई खाली बसल्या आणि त्यांनी बोट त्या कापडावर ठेवलं. बोटाखाली एक चुणी लागली. ती नदी असेल, असं त्यांना वाटलं. बोट नदीकाठाने चालू लागलं, आणि बोटामागून बाईही चालू लागल्या. पाढे लांब गेले. नदी रुंद झाली, काठावर घरं आली, घरांची दारं सगळी लावलेली. बाई चालत राहिल्या. पाय दुखत नव्हते, वय नव्हतं, हातात पिशवीही नव्हती. पुढे नदीकाठी एक टेबल होतं, आणि टेबलापलीकडे खुर्चीवर एक मुलगी बसली होती. नऊएक वर्षांची. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. बाई टेबलाच्या अलीकडे बसून लिहीत होत्या, भराभर, सुंदर वळणदार अक्षरात. मुलगी काहीतरी विचारत होती. तिचे ओठ हलत होते, पण पाण्याच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते. बाई वर न बघता ते शब्द लिहून घेत होत्या. मग त्यांनी कागद बंद केले आणि बांधले. फीत पांढरी होती.

"बाई! बाई, ठीक आहात ना?" दारात उजेड होता आणि मुख्याध्यापिका घाबऱ्याघुबऱ्या उभ्या होत्या. "पाऊण तास झाला. तुम्ही हाकच मारली नाहीत."

बाईंना तो पाऊण तास पाच मिनिटांचा वाटला होता. आपल्याला दार उघडणार हे माहीत होतं म्हणून तो असा गेला, हे त्यांना उठता उठता कळलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

कचेरीत परतल्यावर त्या तडक तळमजल्यावरच्या अभिलेख खोलीत गेल्या. मागोमाग रजिस्टरकाका आले, हातात किल्ल्या.

"पांढऱ्या फाइली कुठे असतात, काका?"

"मागच्या रॅकला. पण त्या कशाला हव्यात तुम्हाला? त्यांची नोंद नाही."

बाई मागच्या रॅककडे गेल्या. सर या शाळेत लागले त्या वर्षीचा, अठरा वर्षांपूर्वीचा गठ्ठा त्यांनी स्वतः काढला, स्वतः सोडला. चौथी फाईल. तेच सर, दुसरं गाव, दुसरी शाळा. तशीच नकाशांची खोली, तेच वाक्य. नऊ वर्षांच्या मुलीचा जबाब, आणि खाली टिपण. 'संबंधित शिक्षकांनी राजीनामा दिला असल्याने पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही.' सुंदर वळणदार अक्षर. सही बाईंची. चौकशी अधिकारी झाल्यावरचं त्यांचं ते पहिलंच प्रकरण होतं. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, 'काय नेटकं टिपण लिहिता हो!' आणि बाई ते कौतुक घरापर्यंत मिरवत गेल्या होत्या.

जबाबाच्या शेवटी पद्धतीप्रमाणे प्रश्न होता, आणखी काही सांगायचं आहे का? त्याखाली मुलीचं उत्तर बाईंनी जसंच्या तसं लिहून घेतलं होतं.

'सर आता ज्या शाळेत जातील, तिथे नकाशांची खोली आहे का?'

त्यापुढे काही नव्हतं. मुलीने विचारलं, बाईंनी लिहिलं, आणि फाईल बांधली.

काका चष्म्यावरून बघत होते. त्यांनी सही ओळखली. आयुष्यभर अक्षरं बघितलेला माणूस तो. हळूच म्हणाले, "बाई, ही परत गठ्ठ्यात ठेवून द्या. हिची नोंद नाही, म्हणजे ही नाहीच. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय तुमच्या. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता?" माणूस वाईट नव्हता हो. बाईंवर त्याचा जीव होता, म्हणूनच म्हणाला.

त्या संध्याकाळी ताईने दोन वेळा विचारलं, तेव्हा कुठे बाई बोलल्या. ताई परिचारिका म्हणून निवृत्त झालेली. तिला आढेवेढे चालत नसत.

"सांगितलंस तर काय होईल?"

"खुर्ची सोडावी लागेल. मग माझीच चौकशी. कदाचित घरी बसवतील."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर त्यांची ही पहिली चूक. ताकीद मिळेल, आणि सोमवारी वर्गात."

ताईने त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. मग म्हणाली, "तंद्री, तू दुपारची कुठे जातेस ते मी तुला कधी विचारलं नाही. मला वाटायचं, छान कुठेतरी जात असशील."

"मलाही तसंच वाटायचं गं," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

सुनावणीच्या दिवशी खोली भरलेली होती. सर कडक इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. मुलाचे वडील एका कोपऱ्यात. दाराजवळच्या बाकावर सत्ताविशीची एक तरुणी होती, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. बाईंनी पत्र पाठवून तिला बोलावलं होतं. येताना तिने शिपायाला एवढंच सांगितलं, "दार उघडंच राहू द्या."

बाई आल्या. प्रमुखाच्या खुर्चीपाशी थांबल्या, पण बसल्या नाहीत. पांढऱ्या फितीची फाईल त्यांनी टेबलावर ठेवली आणि उपप्रमुखांना म्हणाल्या, "हे प्रकरण तुम्ही चालवा. मी यात साक्षीदार आहे." मग वळसा घालून समोरच्या साक्षीदाराच्या खुर्चीत जाऊन बसल्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, फाईलकडे पाहिलं, आणि त्यांचे हात मांडीवरून हलले.

उपप्रमुख तरुण होते. तरी पद्धतीप्रमाणे त्यांनी सगळं विचारलं, आणि बाईंनी सगळं सांगितलं. पहिली तक्रार, खोली, ते वाक्य, राजीनामा, टिपण, सही माझी. पांढऱ्या फितीची पद्धत चुकीची होती, आणि ती चुकीची आहे हे मला त्या दिवशीच कळायला हवं होतं, कारण एका नऊ वर्षांच्या मुलीला कळलं होतं. हे सांगताना बाई कुठेही हरवल्या नाहीत. त्यांच्या पायाखाली फरशी होती, भिंतीवर घड्याळ होतं, आणि घड्याळात अडीच वाजले होते.

आता सरांची पहिली चूक ही पहिली उरली नव्हती. परवाना जाणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, आणि बाईंची खुर्चीही जाणार, हेही. मागे बसलेल्या रजिस्टरकाकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"आणखी काही सांगायचं आहे?" उपप्रमुखांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"हो. एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय," बाई म्हणाल्या आणि दाराजवळच्या बाकाकडे वळल्या. "होती, बाळा. त्या शाळेतही नकाशांची खोली होती."

तरुणी उठून उभी राहिली. तिने बाईंकडे रागाने बघितलं नाही, आणि मायेनेही नाही. ती मनाशी वर्षं मोजत होती.

"मधल्या अठरा वर्षांत," ती म्हणाली, "किती मुलं गेली आत?"

बाईंना शेकडो जबाबांतली वाक्यं पाठ होती, पण या प्रश्नाला त्यांच्याकडे एकही वाक्य नव्हतं. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली.

"नोंद नाही," बाई म्हणाल्या.

उपप्रमुखांनी तेही लिहून घेतलं.