चौथ्या मिनिटाची घंटा

आमच्या शाळेचे शिपाई सव्वीस वर्षं वक्तृत्व स्पर्धेत घंटा वाजवत होते. मुलं त्यांना घंटामामा म्हणत. एका हातात स्टॉपवॉच, दुसरा टेबलावरच्या पितळी घंटेवर. चार मिनिटं झाली की एक ठोका, म्हणजे आवरतं घ्या. पाच झाली की दोन, म्हणजे खाली बसा. एकदा मुख्याध्यापकांचा भाचा चांगला रंगात आला होता, तरी मामांनी त्याला अर्ध्या वाक्यात खाली उतरवलं. साहेब आठवडाभर फुगून होते. मामांना काय त्याचं! नाकासमोर चालणारा माणूस.

त्यांची मुलगी मी शिकवत असलेल्या नववीच्या वर्गात होती. बोलताना अडखळायची. आई गेल्यापासून तर तोंडाला कुलूपच लागलं होतं. हजेरीला नुसता हात वर करायची, आणि मीही तेवढ्यावर भागवून घ्यायचे. एक दिवस मामा स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, हिला स्पर्धेत घ्या. बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात. हिचं पुढं कसं व्हायचं?"

घेतलं. दोन महिने शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत सराव केला. विषय होता 'आमचे शेजारी'. तीन शेजाऱ्यांच्या तीन गोष्टी आणि मग शेवट. पाठ केलेलं ती न अडखळता बोलायची, पण घड्याळाकडे नजर गेली की जीभ अडायची. तेव्हा मीच शहाणपणा केला. म्हटलं, "घड्याळ विसर. समोर बघ. घंटा झाली की शेवट सुरू कर." घरी मामा ताटलीवर चमचा वाजवून सराव घेत. ठोका पडला की पोरगी बरोबर शेवटावर यायची. एकदाही चुकली नाही.

स्पर्धेच्या दिवशी तिनं तोंड उघडलं आणि माझ्या अंगावर काटा आला. स्वच्छ, सलग आवाज. इस्त्रीवाले काका झाले, शिवणकाम करणाऱ्या मावशी झाल्या, तिसऱ्या मजल्यावरचे भांडखोर आजोबा झाले. सभागृह हसलं, तीही हसली. आणि घंटेची वाट बघत थांबली.

चार मिनिटं होऊन गेली, तरी घंटा झाली नाही. मी मामांकडे पाहिलं. हात घंटेवर होता, पण डोळे पोरीवर, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मी खुणा केल्या, हात हलवला. त्यांचं लक्ष कुठलं असायला!

पोरीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "आमचे इस्त्रीवाले का... का... का..." मागच्या रांगेतून कुणीतरी कावळ्यासारखं ओरडलं, आणि मग सगळी रांगच ओरडायला लागली. तेव्हा कुठे मामा भानावर आले. तोवर पाच मिनिटं होऊन गेली होती. त्यांनी दोन ठोके दिले.

व्हरांड्यात मी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. "मामा, घंटा का नाही दिलीत?"

"बाई, हिची आई गेल्यापासून आमच्या घरात कुणी चार मिनिटं सलग बोललेलं नाही. ताटली वाजवताना माझं सगळं लक्ष काट्याकडं असायचं. आज पहिल्यांदा नीट ऐकलं. हातच चालला नाही हो."

घंटेशिवाय थांबायचं कसं, हे मीच तिला शिकवलं नव्हतं. ते अजून मला खातं.

त्यानंतर ती शाळेत बोलली नाही. कशीबशी दहावी झाली आणि औषधांच्या कारखान्यात पाकिटं भरायला लागली. तिथं बोलावं लागत नाही, असं मामाच सांगायचे.

गेल्या वर्षी मामा निवृत्त झाले. निरोपाला पोरगीही आली होती. ती घंटा आम्ही मामांनाच भेट द्यायचं ठरवलं होतं, त्यामुळे ती समोर टेबलावर होती. मुख्याध्यापक म्हणाले, "मामा, दोन शब्द बोला." मामा माईकपाशी गेले. "मी..." म्हणाले आणि अडकले. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची भाषणं ऐकलेला माणूस, पण ओठ नुसतेच हलत होते. आम्ही सगळे खाली माना घालून बसलो. एक मिनिट गेलं असेल, की जास्तच.

पोरगी उठली. टेबलाशी गेली आणि तिनं घंटेवर एक ठोका दिला.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. "चुकलं माझं, बाळ," ते माईकवरच म्हणाले.

तिचे ओठ उघडले, मिटले. मग तिनं दोन ठोके दिले, आणि मामा खाली बसले.