पाळकसाहेबांचे नवे बूट

आमच्या चर्चचे पाळकसाहेब तीन महिन्यांची रजा घेऊन परदेशात पायी तीर्थयात्रेला निघालेत. सरावासाठी रोज संध्याकाळी नवे बूट घालून आवारात फेऱ्या मारतात. ओझ्याची सवय व्हावी म्हणून सॅकमध्ये आमची गीतपुस्तकं कोंबलीत. रविवारी आम्ही तोंडपाठ येतं तेवढंच गातो.

काल मी पायरीवर बसून हे बघत होतो.

"वीस फेऱ्या झाल्या!" घाम पुसत ते म्हणाले. "चालताना देव जवळ येतो हो."

काही माणसांचा देव कायम परगावीच राहतो. मागच्या गल्लीत अंथरुणाला खिळलेल्या मार्थाबाई नाताळपासून प्रभुभोजनाच्या विधीसाठी यांची वाट बघताहेत. त्यांच्याकडे कधी जाणार, मी विचारलं.

बुटाची नाडी आवळत साहेब म्हणाले, "अहो, त्या गल्लीत गाडी कुठं जाते?"