रशीदभाईंचे दोन कॅन

लेकीनं आज कूलरला नवं गवत बसवलं. पहिलं पाणी पडताच त्याचा ओला वास घरभर पसरला आणि मला तिच्या जन्मावेळचा मे महिना आठवला.

लेक तेव्हा बारा दिवसांची होती. नळाला आठवड्यातून एकदाच पाणी यायचं, म्हणून काटकसर करत मी कूलरच्या तळाशी जेमतेम पाणी ठेवायचे. शेवटी भर दुपारी पंप बंद पडला. लेक उकाड्यानं रडून लालबुंद झाली.

मेकॅनिक रशीदभाई आले. "ताई, पाण्याबिगर चालवला ना तुम्ही, जळून गेला," म्हणत त्यांनी नवा पंप बसवला. पण आता टाकीत ओतायला पाणीच नव्हतं. घरात पिण्यापुरता एक हंडा उरला होता. ते स्कूटरवरून गेले आणि आपल्या घरून दोन कॅन भरून घेऊन आले.

"घ्या, आमच्याकडं कालच नळ आला. लई पाणी हाय."

नशीबवान गल्ली यांची, असं मनात म्हणत मी दोन्ही कॅन रिकामे केले. लेक शांत झोपली.

पुढं त्यांच्या बायकोशी ओळख झाली, तेव्हा कळलं. आमच्या आणि त्यांच्या गल्लीला नळ एकाच दिवशी यायचा.