तर्रीत पडलेला फासा

मरणावर स्थगिती मिळवणारा वकील अख्ख्या नागपुरात एकच झाला, आणि तो आमच्या घरमालकांचा धाकटा भाऊ होता. खऱ्या कोर्टात त्यांचं फारसं चालत नसे. गांधीबागेत कापडाच्या दुकानावर त्यांची खोली होती आणि तिथे पक्षकारांपेक्षा साड्या बघायला निघालेल्या बायाच चुकून जास्त चढत. पण रविवारी सकाळी ते आमच्या ओसरीवर बसले, की हायकोर्ट बसलं.

अमेरिकेला गेलेल्या कोण्या मित्रानं त्यांना एक इंग्रजी खेळ पाठवला होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातले वीर आणि जादूगार होऊन राक्षसांशी लढायचं. सांगणारे अर्थात वकीलसाहेब. मी तलवारबहाद्दर, माझी धाकटी बहीण शीला जादूगारीण. विष, आग, मंत्र असं काही अंगावर आलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पुरेसा आकडा पडला तर जीव वाचला. या बचावाच्या फाशावर वकीलसाहेबांचा भारी जीव. "बाजू ऐकल्याशिवाय कोणाले मारता येत नाई," म्हणून ते फाशाआधी युक्तिवाद करायला लावत. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, तोही इंग्रजी घेऊन. "पुस्तकात युक्तिवाद कुठं लिहिलाय?" म्हटलं की म्हणत, "बी.ए., तू नुसतं लिहिलेलं वाचून राहिला गा. न लिहिलेलं कोण वाचन?"

मे महिन्यात काळा कोट घालून निघताना त्यांच्या एका खिशात कांदा असे, दुसऱ्यात फासा. उन्हाची लू लागू नये म्हणून चौकात उभे राहून फासा टाकत आणि खिशातल्या कांद्याचे दोन आकड्यात जास्त धरत. आकडा कमी पडला की साहेब घरी परत. पक्षकार बसला बोंबलत. एकदा खेळात ड्रॅगननं माझ्यावर आग ओकली, तेव्हा मीही कांदा पुढे केला. आईचा स्वयंपाक होऊन गार झाला तरी सुनावणी चालूच. शेवटी निकाल आला: "आग म्हणजे लू नव्हे, सबब कांदा नामंजूर. पण नागपूरच्या माणसाची कातडी उन्हानं मुळातच भाजलेली असते, सबब एक जास्त मंजूर." त्या एकावर मी वाचलो. आमच्यात खेळणारे कोराडीच्या वीजकेंद्रातले एक बाबू मात्र वाचले नाहीत. त्यांच्या धनुर्धरासाठी आम्ही उभं राहून दोन मिनिटं मौन पाळलं, आणि मेलेल्याला पुन्हा खेळात घ्यायचं नाही हा साहेबांचा कायदा असल्यामुळे ते बिचारे पुढे फक्त पोहे खायला येत.

शीलाचं लग्न भिलाईला ठरलं. जायच्या आधीच्या रविवारी तिच्या जादूगारणीला गुहेत नाग डसला. चौदा किंवा वर पडले तर वाचणार, नाहीतर खेळ कायमचा संपला. शीलानं युक्तिवाद केलाच नाही. डोळे मिटून फासा फेकला, तो ताटावर आपटून थेट पोह्यांवर घ्यायच्या झणझणीत तर्रीच्या वाटीत.

"पुन्हा टाकू दे," मी म्हणालो.

"कायले? मेली तं मेली," शीला म्हणाली आणि वाटी साहेबांपुढे सरकवली. "पाहा नं, वकीलसाहेब."

साहेबांनी चष्मा पुसला. चमच्यानं वरचा लाल तवंग बाजूला करून एकट्यानंच आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वाटीवर ताटली झाकली.

"फासा अजून तरंगून राहिला. थांबला असं म्हणता येत नाई. निकाल राखून ठेवला. पुढची तारीख दिवाळी."

तवंग हलला तेव्हा फासा बुडाशी बसलेला मला स्पष्ट दिसला होता, आकडा तेवढा नाही. मी तोंड उघडलं तर म्हणाले, "बी.ए., गप राय."

"आन तवरक ती काय करन?" शीलानं विचारलं.

"ती गुहेत उभी राहीन वं. आमी हाओत नं सोबत."

दिवाळीला शीला आली, तेव्हा साक्षीदार नाग गैरहजर म्हणून तारीख पडली. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनाच पडसं. दरवर्षी ती येई, भांडे, हसे आणि नवी तारीख घेऊन जाई.

एका दिवाळीला तिचं बाळ लहान होतं. जमलं तर येते म्हणाली होती. साहेब सुटीच्या दिवशीही काळा कोट घालून आले, दाराकडे तोंड करून त्यांनी पुकारा केला, "शीला हाजिर हो!" पलीकडच्या गल्लीतून "आली!" असं उत्तर आलं. ती दुसरीच शीला होती. मी तिला परत पाठवलं.

साहेबांनी कोट काढून खुर्चीला अडकवला. "गाडी लेट असन," म्हणाले. "बसू गा थोडं."

आम्ही बसलो.