शबाना आज पुन्हा पळाली

मंडळी, सकाळपासून मी काही जमिनीवर नाही!

मी विद्यापीठात क्रीडाशास्त्र शिकते. सुट्टीत कोल्हारला आले की मैत्रीण शबानाकडून व्यायाम करून घेते. ती खो-खो खेळायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला आता कुठे पळायची परवानगी दिलीय.

नदीकाठच्या मैदानावर दाट धुकं होतं. तिच्या अम्मी सोबत आल्या होत्या. "परत पडली तर गं?" त्या मला सारखं विचारत होत्या. खरं तर मलाही तीच भीती होती.

शबाना हळूहळू पळू लागली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. नुसता बुटांचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला. मी धावत सुटले.

ती गुडघा धरून उभी होती, डोळे भरलेले.

"दुखतंय का?"

"न्हाई गं. लई हलकं वाटतंय. पाय माझाच हाय, हे इसरलेच हुते."

मागून धापा टाकत अम्मी आल्या. लेकीला नीट न्याहाळून म्हणाल्या, "मग थांबली कशाला? पळ की!"

ती पुन्हा धुक्यात शिरली. आम्ही दोघी तिची पावलं ऐकत उभ्या राहिलो.

आमच्या पुस्तकात याला पुनर्वसन म्हणतात. तुम्ही काय म्हणाल?