पिल्लाचं अंथरूण

त्या हिवाळ्यात आमच्या पुढच्या खोलीत कापूस राहायचा आणि स्वयंपाकघरात आम्ही. कापूस बायकोच्या मोठ्या भावाचा. त्याचं खेड्यातलं घर आधीच भरलं होतं. आमचं दिग्रसचं घर बाजाराजवळ, म्हणजे भाव वर सरकला की लगेच माल काढता येईल, असा त्याचा विचार. "आठ दिवस फक्त, जवाईबापू," असं म्हणत त्यानं खोली आढ्यापर्यंत भरली. ही दिवाळीनंतरची गोष्ट. संक्रांत झाली तरी भाव हलेना, म्हणून कापूसही हलेना. खिडकी बुजली, टीव्ही ढिगामागे गेला, पुढचं दार उघडायचं बंद झालं. मी शाळेत जायलासुद्धा मोरीजवळच्या दारातून चोरासारखा बाहेर पडायचो.

अशा घरात मी कुत्र्याचं पिल्लू आणलं. काहून आणलं, हे बायकोनं तेव्हा विचारलं आणि अजूनही अधूनमधून विचारते. जिनिंग कारखान्याच्या भिंतीशी कुडकुडत बसलं होतं, मी उचललं, एवढंच. ठेवायचं कुठं, हा प्रश्न आला तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्याला कापसावर सोडलं. अख्ख्या जिल्ह्यात एवढी ऊबदार गादी कुठल्या कुत्र्याला मिळाली असेल? त्यानं भोक पाडलं, आत शिरलं आणि नाक तेवढं बाहेर ठेवून झोपलं.

पंधरवड्यात त्याचं पोट फुगलं, बरगड्या दिसू लागल्या आणि शेपटीखाली पांढरे दाणे चिकटलेले दिसले. मी शाळेत विज्ञान शिकवतो. परजीवींचा धडा मी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. तरी मी निदान केलं की भात कच्चा राहतो आहे, पिल्लाला पचत नाही, आणि बायकोला जरा मऊ शिजवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला मोरीजवळ बोलावलं आणि शांतपणे म्हणाली, "पाहा, तुमचा भात चालून राह्यला."

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जंताची गोळी दिली. भाकरीत लपवून खाऊ घातली. पिल्लू उड्या मारायला लागलं, मी शेजाऱ्यांना डॉक्टरकी शिकवायला लागलो. महिना सरतो न सरतो तोच दाणे परत. पुन्हा गोळी, पुन्हा उड्या, पुन्हा दाणे. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी पिल्लाचे केस उलटे फिरवून पाहिले. गोळीनं पोटातला जंत मरतो, म्हणाले, पण पिल्लानं अंग चावता चावता पिसू गिळली की तिच्या पोटातून नवा येतो. अंगाला औषध लावा, अंथरूण धुऊन उन्हात टाका.

मी अंथरुणाबद्दल सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

कापूस धुता येत नाही. उन्हात टाकायला अंगण पुरत नाही. त्यावर पावडर मारावी, तर व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस नाकाशी नेणार. पिल्लाला मोरीत बांधलं, तर दुपारभर रडून त्यानं दोरी कुरतडली आणि संध्याकाळी कापसातून नाक बाहेर. कापूस बाहेर जात नव्हता, पिल्लू कापसातून निघत नव्हतं, पिसवा दोघांना सोडत नव्हत्या. मधल्या मधे पिल्लू वाळत चाललं. मान उचलेना. वजन असंच उतरलं तर पुढची गोळी सोसणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

म्हणजे साळ्याला खरं सांगणं आलं. बायकोनं हात झटकले. "कापूस माया भावाचा हाये, पण कुत्रं तुमचं हाये. तुमीच बोला."

तो आला. मी घसा साफ करून परजीवींचा अख्खा धडा शिकवला, आकृतीसकट. त्यानं ढिगात हात घातला, बाहेर काढला, मनगटाकडे पाहिलं आणि खाजवलं. मला वाटलं, आता कापूस निघाला. पुढचं दार उघडेल, खोलीत ऊन येईल, असं सगळं मनात मांडूनही झालं.

"कापूस हालत नाही, जवाईबापू," तो म्हणाला. "कुत्रं हालते."

आणि पिल्लू त्याच्या मोटारसायकलवर, पोत्यातून मान काढून, शेतात गेलं.

पिल्लू गेलं, पिसवा मात्र राहिल्या. कुत्रं मिळेना, तेव्हा त्यांनी मास्तर आणि मास्तरीणबाई गोड मानून घेतले. रात्रभर आम्ही एकमेकांच्या पाठी खाजवायचो. लग्नानंतर इतकी जवळीक आमच्यात कधी नव्हती.

काही रविवार गेल्यावर आम्ही एसटीनं पिल्लाला पाहायला गेलो. साळ्यानं त्याला औषधाची आंघोळ घातली होती, डॉक्टरांची गोळी वेळेवर दिली होती. ते इतकं भरलं होतं की आधी मी ओळखलंच नाही. त्यानं मात्र ओळखलं, आणि दोरी ताणून दोन पायांवर उभं राहिलं. मी धावलो.

"तिथंच थांबा," साळा म्हणाला. "तुमच्या अंगावर पिसवा हायेत. त्याले पुन्हा जंत कायले लावता?"

आम्ही दोघं बांधावर उभे राहिलो. बायको तिथूनच त्याला चुचकारत होती आणि डोळे पुसत होती. परत कधी नेता येईल, मी विचारलं. कापूस गेला की, तो म्हणाला. मग कापूस कधी जाईल, असं मी विचारलं. साळ्यानं बादली उचलली आणि तो बैलांना पाणी पाजायला गेला.